आग्नेय कोपरा

यंत्राचा लोखंडी गोळा सातव्यांदा खाली पडला तेव्हा चांगुणाबाई हनवते यांच्या ओट्यावरचा पाण्याचा तांब्या जरासा थरथरला आणि पुन्हा गप्प झाला. घराच्या चारी कोपऱ्यांना चार श्रवणक ठेवलेले होते, उपड्या वाटीएवढे, करड्या रंगाचे. गोळा पडला की त्याचा ठोका जमिनीतून घराच्या पायात जायचा, पायातून भिंतीत चढायचा, आणि श्रवणक तो ऐकून यंत्राला कळवायचे. यंत्राचं सरकारी नाव गृहस्पंदमापक. आसनापूर शहरात त्याला सगळे ठोकायंत्रच म्हणत.

"झालं, मावशी. निकाल आत्ता येईल," रेश्मा तांबोळी म्हणाली. ती महापालिकेच्या वास्तुआरोग्य केंद्रात तपासनीस होती, नोकरीला जेमतेम दोन वर्षं झालेली.

अंगणात हणमंत टोंपे आणि त्याची बायको सुरेखा उभी होती. हणमंत प्लंबर. घर तो घेणार होता. सकाळपासून त्यानं घरातला एकूण एक नळ सोडून पाहिला होता आणि पसंतीची मान हलवली होती.

यंत्राच्या पडद्यावर लाल अक्षरं उमटली. रेश्मानं ती वाचली आणि पडदा छातीशी धरला.

"दे इकडं," चांगुणाबाई म्हणाल्या. "मला वाचता येतं."

त्या सेहेचाळिसाव्या वर्षी विहारातल्या वर्गात बसून अक्षरं शिकल्या होत्या. वयाच्या एकाहत्तराव्या वर्षीही त्या अक्षराखाली बोट ठेवूनच वाचत. एकही शब्द सुटता कामा नये, असा त्यांचा बाणा.

"पाया. आग्नेय कोपरा. पोकळ. दोष गंभीर. इमारत धोकादायक." त्यांनी बोट पुन्हा तिसऱ्या शब्दावर नेलं. "पोकळ?"

"तसं आलंय खरं."

"पोरी, हा कोपरा मी बांधलाय."

हणमंतनं बायकोकडे पाहिलं.

चांगुणाबाई चाळीस वर्षं गवंडीकाम करत होत्या. आधी घमेली उचलली, मग नवरा तुळशीराम याच्या हाताखाली थापी धरली, आणि तो गेल्यावर ओळंबा स्वतःच्या हातात घेतला. या शहराखाली काळी माती. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, आणि वरच्या घराला पाळण्यासारखं हलवते. म्हणून मुरूम लागेपर्यंत खणायचं, हा तुळशीरामचा नेम. तीन कोपऱ्यांना सात फुटांवर मुरूम लागला. आग्नेयेला लागेना. आठ फूट झाले, साडेआठ झाले. शेजारी म्हणाले, पुरे करा आता. नऊ फुटांवर पहार वाजली तेव्हाच दोघं थांबली. मग काळा दगड, एकेक बसवून, फटीत चिपा ठोकून, वर माल ओतून तो कोपरा भरला. त्यातला प्रत्येक दगड चांगुणाबाईंच्या डोक्यावरून आला होता. त्यांचे गुडघे आज जे कुरकुरत होते त्याचं एक कारण तो कोपराच होता.

त्या गुडघ्यांपायीच घर विकायचं होतं. चंद्रपूरची लेक तीन वर्षं बोलावत होती. घराला गिऱ्हाईकं पुष्कळ आली, पण सगळ्यांना हवी होती जागा. घर पाडून वर मजले चढवायचे होते. हणमंत एकटाच म्हणाला, "घर आहे तसं ठेवीन, आणि पुढच्या खोलीत वस्तीतली लेकरं वाचायला बसतात ती बसू देत." तेव्हाच बाईंनी शब्द दिला होता.

"मावशी, मला घर पसंत आहे बघा," हणमंत आता अवघडून म्हणाला. "पण लाल खुणेच्या घराचं खरेदीखत होत नाही."

"आणि पंधरा दिवसांत अपील मंजूर झालं नाही, तर..." रेश्मा थांबली.

"तर काय?"

"पाडतात."

तिच्यासोबत आलेल्या कर्मचाऱ्यानं डबा उघडला आणि निळ्या दारावर हातभर लांबीची लाल फुली काढली. रंगाचा एक ओघळ उंबऱ्यापर्यंत आला. चांगुणाबाई तो ओघळ थांबेपर्यंत पाहत राहिल्या.

"उद्या मी तुझ्या कचेरीत येते," त्या म्हणाल्या. "हे पोकळ कसं ठरवतात, ते मला दाखव."

वास्तुआरोग्य केंद्र शहराच्या उत्तरेला होतं. प्रयोगशाळा काचेची, आणि तिच्या मागे हिरवळीवर एक साधं बैठं घर, ज्यात कोणी राहत नव्हतं. प्रमुख होते डॉ. मुकुंद सरपोतदार. ठोकायंत्र त्यांच्याच डोक्यातून निघालेलं. वीस वर्षांपूर्वी एका पावसाळ्यात शहरातली सत्तर घरं खचली, माणसं दगावली, आणि त्यानंतर हा कायदा झाला होता. ते काम चांगलं होतं, हे चांगुणाबाईही नाकारत नव्हत्या.

"बसा, आजी," डॉक्टर म्हणाले. "यंत्राचा निकाल चुकत नाही. सोपं करून सांगतो. काळी माती रोज बदलते. ओली असली की ठोका हळू जातो, कोरडी असली की लवकर. त्यामुळे तुमच्या घराचा ठोका नुसता मोजून काही कळत नाही. तुलनेला एक घर लागतं."

"ते मागचं."

"तेच. प्रमाणगृह. उत्तम बांधलेलं. तुमच्या घरी गोळा पडतो, त्याच क्षणी तिथेही पडतो. दोन्ही ठोके शेजारी ठेवायचे. मातीचा परिणाम दोघांवर सारखा, म्हणून तो वजा होतो. उरतो तो घराचा फरक. फरक म्हणजे दोष."

"सर," रेश्मा मागून म्हणाली, "यांच्या घरचा मूळ आलेख पाहिला मी. आग्नेयेचा ठोका उशिरा आलेला नाही. लवकर आलाय."

"बरं मग?"

"पोकळीतून ठोका उशिरा येतो, सर. लवकर आला म्हणजे तिथं प्रमाणगृहापेक्षा जास्त भरीव आहे."

"आपण फरक किती, एवढंच घेतो. लवकर की उशिरा, ही दिशा घेत नाही. हे तुम्हाला प्रशिक्षणात शिकवलंय."

"दिशा का घेत नाही?" चांगुणाबाईंनी विचारलं.

"कारण गरज नाही. प्रमाणगृह निर्दोष आहे. त्याच्यापेक्षा चांगलं असं काही असू शकत नाही. वेगळं आलं म्हणजे वाईटच आलं."

चांगुणाबाईंना वाटलं, आपल्याला नीट कळलं नसेल. त्यांनी ते मनात पुन्हा एकदा वाचावं तसं उलगडलं. कळलं होतं ते बरोबरच होतं. या गावात या माणसाच्या घरापेक्षा चांगलं घर कोणी बांधलं असेल, हे कोणाच्या मनातच आलं नव्हतं, आणि म्हणून यंत्राच्याही मनात घातलं गेलं नव्हतं.

"म्हणजे गिऱ्हाईकाचा गज तोकडा असला," त्या म्हणाल्या, "तर कापडवाल्यालाच चोर म्हणायचं."

डॉक्टर हसले. "सुनावणी बुधवारी आहे. तेव्हा बोला."

बाहेरच्या बाकावर रेश्मानं पाण्याची बाटली पुढे केली आणि आवाज बारीक करून म्हणाली, "मावशी, मी यादी काढली. आजवर तीनशे अकरा घरांत हाच दोष निघालाय. सगळ्यांचा आग्नेय कोपरा. सगळ्यांचा ठोका लवकर. त्यातली एकोणीस पाडून झाली."

"कुठली घरं?"

"तुमची भीमवस्ती, मोमीनपुरा, मिशनच्या मागची आळी. बाकी गावात एकही नाही. मोमीनपुऱ्यात आमचंही आहे. अब्बांनी लाल फुलीवर पडदा लावलाय."

चांगुणाबाई बराच वेळ बाटलीचं झाकण फिरवत बसल्या. भीमवस्ती, मोमीनपुरा, मिशन. या तीन ठिकाणी असं काय होतं, जे बाकी गावात नव्हतं? पाया खणणारे तेच गवंडी, वाळू त्याच नदीची. मग त्यांनी प्रश्न उलटा केला. बाकी गावात असं काय होतं, जे या तिन्ही ठिकाणी नव्हतं?

आणि त्यांच्या हाताला आठवलं. डोक्याच्या आधी हाताला. पहार, टोपलं, गुडघाभर खोल, हातभर रुंद खड्डा, पायाच्या दगडाला लागून, घराच्या आग्नेय कोपऱ्यात. वास्तुशांतीच्या आदल्या दिवशी तो खणून ठेवायचं काम गवंड्याचं. त्यांनी असे तीन-चारशे खड्डे खणले असतील. दुसऱ्या दिवशी भटजी येत, यजमान-यजमानीण बसत, तांब्याच्या पेटीत वास्तुपुरुषाची प्रतिमा पालथी घालून खड्ड्यात ठेवत, वर सुटी वाळू टाकत आणि फरशी बसवत. खड्डा खणणाऱ्या बाईला तेव्हा बाहेर थांबायला सांगत. जेवणाचं पान मात्र बाहेर येई.

"पोरी," त्या म्हणाल्या, "त्या मागच्या घरात राहायला कोणी गेलं नाही. पण पूजा झाली होती का?"

"नोंदवहीत तर नाही."

"पूजा कोण नोंदवतं बांधकामाच्या वहीत?"

बुधवारी सुनावणी प्रमाणगृहाच्याच पुढच्या खोलीत झाली. टेबलामागे डॉ. सरपोतदार, शेजारी टंकलेखनिक. समोर चांगुणाबाई, मागे रेश्मा, आणि साक्षीला म्हणून आलेला हणमंत. तो आला याचंच बाईंना नवल वाटलं. "घर सोडून देऊ का विचार करतोय," तो दारातच म्हणाला होता, "पण आधी बघू तर खरं, खोटं कोण आहे ते."

"साहेब, एकच विचारते," चांगुणाबाईंनी सुरुवात केली. "या घराची वास्तुशांत झाली होती?"

"झाली होती. मी आणि सौभाग्यवती बसलो होतो. त्याचा इथे काय संबंध?"

"आग्नेयेला खड्डा खणला होता?"

"असेल. विधी असतो तो."

"वहीत लिहिला नाही?"

"आजी, पूजा म्हणजे बांधकाम नव्हे."

"पूजा नव्हे. खड्डा आहे ना?" त्यांचा आवाज चढला नाही, पण टंकलेखनिकाची बोटं थांबली. "तुम्ही पायाला लागून खड्डा केला, त्यात सुटी वाळू भरली, आणि वर लिहिलं, घर निर्दोष. गावातल्या ज्या ज्या घरात तुमच्यासारखा खड्डा आहे, ते तुमच्या घराशी जुळतं. आम्ही बुद्धवंदना घेऊन घरात गेलो, या पोरीच्या घरच्यांनी कुराण वाचलं, मिशनवाल्यांनी प्रार्थना केली. खड्डा कोणीच केला नाही. आमचा कोपरा भरीव राहिला, म्हणून तुम्ही त्याला पोकळ म्हणता. आणि एकोणीस घरं पाडून मोकळे झालात."

"हा आरोप आहे."

"फरशी उचला. खोटी ठरले तर मी स्वतः माझ्या भिंतीवर पहार घालते."

डॉक्टरांनी नाही म्हणायला तोंड उघडलं, पण हणमंतनं पिशवीतून पटाशी काढून ठेवली होती. फरशी उचलली. खाली वाळू, वाळूखाली हिरवट पडलेली तांब्याची पेटी. रेश्मानं काठी घातली. ती गुडघाभर आत गेली.

डॉ. सरपोतदारांनी टंकलेखनिकाला चहा आणायला पाठवलं आणि खुर्ची पुढे ओढली.

"हे बघा, आजी. समजा तुमचं बरोबर आहे. तरी मी प्रमाण बदलू शकत नाही. शहरात चाळीस हजार घरं याच प्रमाणावर पास झालीत. त्यांच्या मनात संशय घालायचा? त्यापेक्षा सोपं आहे. तुमच्या त्या कोपऱ्यात एवढाच खड्डा करून घ्या. वाळू भरा. पूजा वगैरे काही नको. मी फेरतपासणी लावतो, घर पास होईल."

चांगुणाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. नऊ फूट. पहार वाजली तेव्हा तुळशीराम खड्ड्यातून वर पाहून हसला होता, त्याच्या दातांवरसुद्धा माती होती.

"माझा पाया पोखरू?" त्या म्हणाल्या. "तुमच्या यंत्राला घर आवडावं म्हणून?"

"व्यवहार्य मार्ग सांगतोय."

"तीनशे घरांना हाच सांगणार?"

"मी कोणालाच काही सांगितलेलं नाही," डॉक्टर म्हणाले, आणि टंकलेखनिक आत आल्यावर त्यांनी निर्णय सांगायला घेतला. "लिहा. प्रमाणगृहाच्या आग्नेय कोपऱ्यातील खड्डा पाहण्यात आला. या खड्ड्याचा मोजमापावर कोणताही परिणाम होत नाही. अपील फेटाळण्यात येत आहे. इमारत शुक्रवारी पाडण्यात यावी."

त्यांनी सही केली. चांगुणाबाईंनी कागद मागून घेतला आणि बोट ठेवून वाचला. दुसऱ्या वाक्यापाशी बोट थांबलं.

"कोणताही परिणाम होत नाही," त्यांनी मोठ्यानं वाचलं. "बरं. मग हा खड्डा मी भरून देते. उघडा राहिला तर कोणाचा पाय मोडेल. फुकट भरते. परिणाम नसला, तर भरायलाही हरकत नसेल."

डॉ. सरपोतदारांना यातली मेख त्याच क्षणी कळली की नंतर, कोण जाणे. पण नाही म्हणावं, तर आत्ताच केलेली सही खोटी ठरत होती. आणि ती सही चौघांच्या डोळ्यांसमोर अजून वाळलीही नव्हती.

"भरा," ते म्हणाले. "तेवढं लवकर आवरा."

चांगुणाबाईंनी पदराला हात पुसले, तांब्याची पेटी दोन्ही हातांनी उचलली, वाळू झटकली आणि डॉक्टरांच्या हातात दिली. "ही घरी न्या. नीट ठेवा. तुमची श्रद्धा आहे, तिच्याशी माझं भांडण नाही."

मग त्या खाली बसल्या. गुडघे कडाडले, तरी बसल्या. हणमंतनं वाळू उपसली, माल कालवला. रेश्मानं ओळखपत्र खिशात टाकून आवारातल्या दगडांची घमेली आणली. दगड बसला की बाई थापीच्या मुठीनं ठोकायच्या आणि कान द्यायच्या. "अजून एक चिप दे. नाही, चपटी." तासाभरात धरणारं सिमेंट होतं. फरशी बसवून त्यांनी वर ओळंब्याची गोळी टेकवली, ती जागची हलली नाही.

"मावशी," बाहेर पडताना हणमंत म्हणाला, "तुम्ही सगळ्या गावाचा पाया हलवलात की."

"मी खड्डा भरलाय," चांगुणाबाई म्हणाल्या. "कागद आहे माझ्याकडं."

गुरुवारी सकाळी पहिली तपासणी पेठेतल्या एका नव्या कोऱ्या घराची होती. निकाल आला: पाया, आग्नेय कोपरा, पोकळ, दोष गंभीर. दुसरी शिक्षक वसाहतीत. तोच निकाल. तिसरी, चौथी, पाचवी. सहाव्या घरी मालकानं तपासनिसाच्या हातातून रंगाचा डबा हिसकावून घेतला. दहाच्या सुमारास डॉ. सरपोतदारांनी एक यंत्र स्वतःच्या बंगल्यावर मागवलं. बारा वर्षांचं घर, स्वतः उभं राहून बांधून घेतलेलं. सातवा ठोका पडला. पडदा लाल झाला. यंत्र खोटं बोलत होतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. आणि ते खोटं बोलतंय हे सांगायला त्यांच्याकडे यंत्राखेरीज काहीच नव्हतं. बायको अंगणात येऊन म्हणाली, "अहो, मग आता आपण बाहेर झोपायचं का?"

त्याच सकाळी रेश्मानं भीमवस्तीतली फेरतपासणी केली. चांगुणाबाईंच्या घराचा निकाल हिरवा आला. मोमीनपुऱ्यातल्या तिच्या घराचाही.

दुपारी डॉ. सरपोतदार चांगुणाबाईंच्या दारात उभे होते. एकटे, चालत आलेले. पुढच्या खोलीत पाच-सहा मुलं वाचत बसली होती. त्यांनी माना वर केल्या आणि पुन्हा खाली घातल्या. हणमंत माळ्यावरची टाकी बघत होता, तो तसाच शिडीवर थांबला.

"आजी, तो भराव काढावा लागेल," डॉक्टर म्हणाले. "चाळीस हजार घरं लाल होतील. लोक घाबरलेत."

"भराव कशाला काढता? त्याचा परिणाम होत नाही. तुमचीच सही आहे."

डॉक्टरांनी मान खाली घातली. त्यांच्या बुटांवर अजून कालच्या वाळूचे कण होते.

"तुमचं घर पडायचं नाही," चांगुणाबाई जराशा थांबून म्हणाल्या. "गुडघाभर खड्ड्यानं घर पडत नसतं. मी गवंडी आहे, मला कळतं. असे खड्डे मीच खणलेत गावभर. तुमच्या बायकोला सांगा, घरात झोपा म्हणावं. पण साहेब, हे असं कोणीतरी आम्हालाही सांगायला पाहिजे होतं ना? इतके दिवस मी या घरात पडून छताकडं बघत होते. स्वतः बांधलेल्या छताकडं."

"मी दुरुस्ती करतो. यंत्रात दिशा घालतो. आजच आदेश काढतो."

"काढा. त्यात लिहा, चूक घरांची नव्हती. सोप्या अक्षरांत लिहा, सगळ्यांना वाचता आलं पाहिजे."

"लिहितो."

त्या आत गेल्या आणि एक जुनं फडकं आणि टर्पेंटाइनची बाटली घेऊन आल्या. ती त्यांनी डॉक्टरांच्या हातात दिली, कालची पेटी दिली होती तशीच, दोन्ही हातांनी.

डॉक्टर दाराकडे वळले. फडकं ओलं केलं आणि लाल फुलीवर घासायला लागले. रंग निघेना. पक्का होता, पावसात पुसला जाऊ नये म्हणून त्यांनीच तसा मागवलेला. त्यांनी कोट काढून ओट्यावर ठेवला आणि पुन्हा जोर लावला. फुलीचा एक पाय फिका झाला, खालचा निळा रंग दिसू लागला.

"हे एक झालं," चांगुणाबाई म्हणाल्या. "बाकीचे पत्ते रेश्माकडं आहेत. दोनशे एक्क्याण्णव दारं. एकोणीस ठिकाणी दारच राहिलेलं नाही. तिथं जाऊन काय पुसायचं, ते तुमचं तुम्ही ठरवा."